नायिकेची पावलं

सिनेमात माणसं चालतात, पण त्यांची पावलं बहुधा मागाहून कुणीतरी वाजवावी लागतात. या स्टुडिओत ते काम ज्याचं, त्याला सगळे पाऊलबुवा म्हणत. पडद्याकडे बघत, कधी बूट तर कधी उंच टाचांच्या चपला घालून तो फरशीच्या तुकड्यावर जागच्या जागी चाले. चुंबनाचा आवाजही तोच काढी, स्वतःच्या मनगटावर. तेवढं मात्र दार लावून. देवाने सगळं बोलणं त्याच्या हातापायांत घातलं होतं, तोंडात ठेवायचं तेवढं राहून गेलं होतं.

हे आवाज संवादांत, संगीतात मिसळायचं काम पलीकडच्या खोलीतल्या एकीचं. सगळे तिला ताई म्हणत. बुवा सोडून. तो "अहो" वर भागवी, आणि पुढे काही बोलणार तोच त्याला पाणी प्यावंसं वाटे.

त्या दिवशी तिच्या मावशीचा पुन्हा फोन आला.

"स्थळ चांगलं आहे गं. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. तुझ्या मनात दुसरं कुणी आहे का?"

"असून काय उपयोग, मावशी? तो बसलाय मूग गिळून."

"मग बस मोड यायची वाट बघत! संध्याकाळी मी सरळ हो म्हणून टाकणार."

दुपारी दिग्दर्शक दोघांना घेऊन सिनेमा बघायला बसले. ऑफिसातल्या प्रेमाचा विनोदी सिनेमा. नायिका नायकाच्या टेबलावरून साहेबांच्या केबिनकडे तरातरा निघाली.

"थांबवा! बाई धावतेय आणि आवाज मध्येच थांबतो कसा? डावं पाऊलही घासतंय. पाय मुरगळलाय का हिचा?"

ताईने बाकीचे आवाज बंद करून नुसती पावलं लावली. ठक्, खर्र. ठक्, खर्र. मग जराशी शांतता. मग पुन्हा ठक्, खर्र.

तिचे कान तापले. लहानपणी जिन्यावरून पडल्यापासून तिचंच डावं पाऊल असं घासे. आणि रोज बुवाच्या दारापाशी आली की ती अशीच थांबे. आत जावं का, असं मनाशी म्हणे आणि पुढे निघून जाई. हे कुणाला माहीत नाही, अशी तिची समजूत होती.

"बुवा, झोपेत चाललात की काय?"

"चुकलं, सर. बाईचं चालणं म्हटलं की... कानात एकच बसलंय." बुवाने बाटली तोंडाला लावली. ती रिकामी होती. "परत करतो," म्हणत तो आपल्या खोलीत पळाला.

तिने बाहेर येऊन फोन लावला. "मावशी, त्यांना नाही म्हणून कळव."

"मोड आले वाटतं?"

"आत्ताच दिसले."

खोलीत बुवा टाचांच्या चपला चढवत होता. पॅसेजमधून पावलं आली. ठक्, खर्र. दारापर्यंत आली. आता थांबतील म्हणून त्याने श्वास रोखला. ती थांबली नाहीत.

"काढा त्या चपला," ती आत येऊन म्हणाली. "आज नायिकेचं मी चालते. कुठे थांबायचं, तेवढं सांगा."

"आता नकाच थांबू," बुवा म्हणाला. पाणी न पिता.