भाट्याची गाडी

"भाट्ये, भाट्ये!" कंडक्टर ओरडून दमला, आणि आमचे हे दुसऱ्याच गाडीच्या ड्रायव्हरशी गिअरबॉक्सच्या गप्पा मारत उभे.

"अहो, गाडी चालली ना!" मी हाक मारली.

"जाऊ दे. एसटी हाये थे. दुसरी येते." ह्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

भाट्याच्या समुद्रावर जाणारी गाडी माझ्या नाकासमोरून गेली. त्याआधीची गेली तेव्हा हे कँटीनमध्ये होते. आमच्या नेरच्या स्टँडवर आलूबोंडा कसा मिळतो, ते कँटीनवाल्याला समजावून सांगत होते. एवढा अर्धा महाराष्ट्र ओलांडून माणूस रत्नागिरीला समुद्र पाहायला येतो आणि आलूबोंड्यावर भाषण देतो! कपाळावर हात मारून घ्यावा की ह्यांच्या पाठीत धपाटा घालावा, मला कळेना.

समुद्र मला पाहायचा आहे, असं मी घरीदारी सांगितलं होतं. साफ खोटं. समुद्र ह्यांना दाखवायचा होता. ह्यांना काचबिंदू आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, गेली ती नजर येत नाही, आणि उरलेलीही किती टिकेल सांगता येत नाही." आता ह्यांना समोरचं तेवढं दिसतं, आजूबाजूचं नाही. उजेड उतरला की समोरचंही धड नाही. पण कबूल करतील तर शपथ! तुमच्यासाठी जाऊ म्हटलं असतं तर घनश्यामरावांनी अंगणही ओलांडलं नसतं. म्हणून हट्ट मी धरला.

आमची अर्पिता इथे एका दवाखान्यात नर्स आहे. काल तिच्याकडे उतरलो, उद्या पहाटे परतायचं. हातात हा एवढाच दिवस, आणि नेमकी तिला ड्यूटी. निघताना तिनं दहादा बजावलं, "बाबा, रिक्षा करा. उजेड असेपर्यंत भाट्याला पोहोचा."

"रिक्षात? एसटीच्या माणसानं?" हे म्हणाले. झालं, विषय संपला.

ह्यांची सगळी उमर स्टिअरिंगवर गेली. शेवटी डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, तेव्हा खात्यानं स्टिअरिंग काढून घेऊन हलकं काम दिलं. डेपोच्या गेटवर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे पाहायचं. रिटायर होईपर्यंत तेच केलं, पण कोणी विचारलं की आजही सांगतात, "ड्रायव्हर आहो मी." त्या गेटचं नाव ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

जेवणवेळ टळून गेल्यावर आणखी एक गाडी लागली. हे तरातरा निघाले.

"अहो, ह्याच्यावर भाट्ये नाही लिवलं," मी म्हटलं.

"बोर्ड मी वाचतो. उमर गेली माही बोर्ड पाहून. चाल, चढ."

चार माणसं वळून पाहायला लागली. ह्यांचा चेहरा असा झाला, की मी गप चढले. खिडकीशी बसल्यावर मनात म्हटलं, कंडक्टर येईल आणि चूक तिथेच कळेल. तर कंडक्टर आला आणि ह्यांनी ऐटीत सांगितलं, "दोन द्या. शेवटचा स्टॉप."

"अहो, भाट्ये म्हना ना!"

"अवं, समुद्र म्हंजे शेवटच असन ना? त्याच्यापुढं रोड हाये का?"

कंडक्टर पुढे सरकला. मी उठून त्याला विचारायला गेले, तर ह्यांनी माझा हात घट्ट धरून खाली बसवलं. "लोकाईत तमाशा नको करू." गाडीनं गाव सोडलं. आंब्याच्या बागा आल्या, चिऱ्याच्या दगडाची कुंपणं आली, चढण आली, नाक फुलवून हुंगलं तरी पाण्याचा वास नाही. शेवटच्या स्टॉपला उतरलो तर एक किराणा दुकान, एक पिंपळ आणि त्याखाली पाय पसरून बसलेलं एक कुत्रं.

समुद्र कुठे म्हणून मी विचारलं तर दुकानदार हसायलाच लागला. "तो पार तिकडं राहिला, उलट्या बाजूला. हीच गाडी परत जाईल, पण तिला वेळ आहे अजून."

मी पिंपळाच्या पारावर बसले आणि मग मात्र मला राहवेना.

"रत्नागिरी पायली हाये म्हनत होते ना तुमी? वऱ्हाड घेऊन आल्तो म्हने! मंग समुद्र कोनीकडं हाये थे नाही माहीत?"

हे चपलेच्या टाचेनं माती उकरत राहिले.

"बोला ना आता. सकायपासून तोंड चालू होतं!"

"लोकं गेलते समुद्रावर," हे हळूच म्हणाले. "मी गाडीपाशी होतो. गाडी सोडून जाता येते का? कोनी काच फोडली, सामान नेलं, तं जबाबदारी कोनाची? गाडीखाली सतरंजी टाकून झोपलो होतो."

"आनि महाबळेश्वर? शाळेची सहल नेल्ती तुमी."

"तेथी बी स्टँडवरच."

"चिखलदरा?"

"अवं, ड्रायव्हर गाडीपाशीच राह्यते. कायले एकेक विचारून राह्यली?"

इतकी वर्षं मी शेजारणींना ऐटीत सांगत आले होते, आमच्या ह्यांनी अख्खा महाराष्ट्र पाहिला आहे. ह्यांनी फक्त स्टँड पाहिले होते. जगाला नेऊन सोडलं आणि स्वतः गाडीखाली झोपले. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. हे आधी सांगितलं असतं तर मी ह्यांना धरून, ओढत, रिक्षात कोंबून नेलं असतं. सूर्य तिकडे भराभरा खाली चालला होता आणि आमची गाडी आपल्या वेळेचीच वाट पाहणार होती.

परत स्टँडवर आलो तेव्हा भाट्याची गाडी लागलेलीच होती. ह्या वेळी बोर्ड मी वाचला, तिकिटं मी काढली. हे माझ्या मागून चढले. खाडीवरच्या पुलावर आलो तेव्हा पाण्यावर थोडीशी तांबूस झाक उरली होती. "पाहा, पाहा!" मी म्हटलं. ह्यांनी मान वळवली तोवर पूल मागे पडला.

सुरूच्या झाडांतून वाळूवर आलो. सूर्य बुडाला होता. मला अजून सगळं दिसत होतं: राखाडी पाणी, लांबवर एक होडी, लाटांच्या पांढऱ्या कडा. बाई गं, केवढं ते पाणी! मी बघतच राहिले. मग आठवण झाली आणि ह्यांच्याकडे पाहिलं.

हे कमरेवर हात ठेवून उभे होते. तोंड सुरूच्या झाडांकडे.

"पायला बापा," हे म्हणाले. "लय मोठा हाय. चाल आता, परतीची गाडी भेटनार नाही."

दिवसभर ज्या माणसाच्या पाठीत धपाटा घालायचा होता, त्याचे खांदे मी धरले आणि त्याला पाण्याकडे वळवलं. "चपला काढा," मी म्हटलं. ह्यांनी लगेच काढल्या. मग मी ह्यांचा हात धरून ओल्या वाळूवरून चालवत नेलं.

पहिली लाट घोट्यांवर आली तसे हे दचकले. "थंडं हाये वं!"

"हो."

"आवाज लय मोठा येते."

"हो."

"शकू, कुठवर हाये हा?"

"शेवटच नाही त्याले," मी म्हटलं.

लाट मागे फिरली. पायाखालची वाळू ओढली गेली आणि आपण उभ्या उभ्या पुढे घसरत चाललो आहोत असं वाटलं. मीही घाबरून ह्यांचा दंड धरला. हे मात्र ताठ झाले, दोन्ही हात छातीसमोर आले, आणि उजवा पाय ह्यांनी वाळूत करकचून दाबला. ब्रेक दाबतात तसा.

दुसरी लाट आली, गेली. ह्यांनी पुन्हा दाबला.