तीन बिऱ्हाडांचा कीबोर्ड

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. पुस्तकात मला कळफलक म्हणतात म्हणे. बेळगावात, टिळकवाडीतल्या दीपंकरच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात, त्या नावाने मला अजून कुणी हाक मारलेली नाही. मारली असती तरी मी ओ दिली नसती.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर फक्त इंग्रजी अक्षरं होती. इथे आल्यावर दीपंकरने प्रत्येक बटणावर दोन स्टिकर लावले, लाल अक्षराचा कन्नड आणि निळ्या अक्षराचा मराठी. एका खोलीत तीन बिऱ्हाडं झाली, पण भांडण कधी झालं नाही. भांडण बाहेरून आलं.

माणसं मी बोटांवरून ओळखतो. दीपंकर हलक्या हाताचा, पण चहाचा कप माझ्याच उशाशी ठेवणारा. त्याची बायको पारमिता शाळेत शिकवते. सुट्टीच्या दिवशी ती मराठी मजकूर तपासायला बसते आणि दुसऱ्याची चूक सापडली की एंटर जरा जास्तच जोरात मारते. दीपंकरचे वडील भीमरत्न मला बोटही लावत नाहीत. त्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ब्रश धरलेल्या हाताला मी म्हणजे पोरखेळ. सल्ला मात्र सगळ्यात जास्त त्यांचाच.

मध्यंतरी कॉम्प्युटर फार रेंगाळायला लागला म्हणून दीपंकरने त्यात नवी सिस्टीम टाकली. टाकता टाकता पडद्यावर प्रश्न आला, कीबोर्ड कोणता? प्रश्न माझ्याबद्दल होता. ऐकणाऱ्यांनी तो बेळगावबद्दल आहे असं धरलं.

"कन्नड वर घे," भीमरत्न खुर्चीतून म्हणाले. "खाली मराठी. इंग्रजी तळाला."

"आप्पा, ही काय पाटी न्हवं."

"चार लोकांना दिसतंय न्हवं? मग पाटीच. उद्या पालिकेचं कोण येऊन विचारलं तर तू उत्तर देणार व्हय? वर कन्नड, मोठं कन्नड. नियमानं पाटी केली की पुन्हा शिडी चढायला लागत न्हाय रं."

वाद टाळण्यात दीपंकर हुशार आहे. तेवढं त्याच्या जमेला धरा. त्याने यादी पाटीसारखी लावली. वर कन्नड, मग मराठी, तळाला इंग्रजी.

पुढे सिस्टीमने पासवर्ड मागितला. दीपंकरने माझ्यावरची इंग्रजी अक्षरं बघून बायकोचं नाव दाबलं. पडद्यावर ठिपके उमटले. वर कन्नड असल्यामुळे आत अक्षरं गेली कन्नड, पण ठिपक्यांवरून ते कुणाला कळणार? मला कळत होतं; मला विचारतो कोण? पुन्हा मागितलं, त्याने पुन्हा तेच दाबलं, जुळलं. त्यानंतर रोज तीच बटणं आणि रोज दार उघडायचं.

अशात गुंजीच्या मालुबाईंनी मुलाची, सौरवची, पत्रिका करायला दिली. मुलगी पूर्णिमा गोकाककडची, तिचे आईवडील कन्नड. म्हणून पत्रिकेच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. रविवारी दोन्हीकडची माणसं गुंजीत जमणार आणि पहिली पत्रिका ग्रामदेवीपुढे ठेवणार. ती ठेवल्याशिवाय कुणाला आमंत्रण द्यायचं नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. शनिवारी दुपारी मालुबाई स्वतःच आल्या. पत्रिका घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं.

त्या सकाळी पारमिताने मजकूर शेवटचा तपासला होता. दर वेळी पहिलं अक्षर कन्नड उमटतं म्हणून ती वैतागली आणि यादीत मराठी वर नेऊन ठेवली. कुणाला सांगितलं नाही. मग लाईट गेली. परत आल्यावर कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला, दीपंकरने रोजची बटणं दाबली, आणि पडद्याने सांगितलं की पासवर्ड चुकीचा आहे.

"कीबोर्ड गेला," दीपंकर म्हणाला. माणसाला काही सुचलं नाही की आधी माझा मृत्यू जाहीर होतो. त्याने मला उलटा करून टेबलावर आपटलं. चिवडा पडला, एक मुंगी पडली, अक्कल काही पडली नाही. शेजारच्या दुकानातून नवा, चकचकीत कीबोर्ड आणला. त्यालाही तेच उत्तर मिळालं. मला बरं वाटलं, हे कशाला लपवू?

"पत्रिका दुसरीकडं कुठं ठेवली न्हाईस व्हय?" मालुबाईंनी विचारलं.

"न्हाय, आक्का. सगळं पुसून नव्यानं टाकावं लागंल. पत्रिकाबी जाईल."

"मग उद्या देवीपुढं काय ठेवू? तुझी मुंगी?" मालुबाई स्टुलावर बसल्या. "माझी विहीण कन्नड बोलती, मी मराठी. आजवर हसून हसून भागवलंय बाबा. दोघींना वाचता येईल अशी ही पहिलीच वस्तू हाय."

भीमरत्न उठून पडद्याजवळ गेले. पाटी तपासावी तसं त्यांनी वरून खालपर्यंत बघितलं.

"खाली कोपऱ्यात 'म' कोण बसवलं?"

"मी, आप्पा," पारमिता म्हणाली. "सकाळी मराठी वर घेतली."

"बघ. नियम मोडला. रुसलं यंत्र."

दीपंकर हसणार होता, पण त्याची नजर त्या 'म'वर अडली. मला सरळ करून, पुन्हा जोडून त्याने भाषा बदलायची दोन बटणं एकदम दाबली. कोपऱ्यातला 'म' गेला, कन्नड अक्षर आलं. मग तीच बटणं, तेच ठिपके, आणि दार उघडलं.

"आप्पा, नियमाचा काय संबंध न्हाय. पासवर्ड ठेवताना वर कन्नड हुतं, आज त्याच बटणांनी मराठी अक्षरं गेली, म्हणून..."

"असू दे, असू दे. कन्नड केल्यावर उघडलं का न्हाय?"

दीपंकरने पत्रिका छपाईला सोडली.

पहिली पत्रिका छापून आली. मालुबाईंनी पिशवीतली डबी काढून तिच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. बोटाला उरलेली हळद माझ्या खालच्या लांब पट्टीला पुसली. "ह्योबी राबलाय," म्हणाल्या, आणि गाडी गाठायला निघाल्या. गाडी मिळाली.

आता पासवर्डच्या दारात इंग्रजी असते. आत गेल्यावर ज्याला हवी ती भाषा. भीमरत्न म्हणतात, तळाच्या भाषेला राखणीला बसवलंय, हरकत न्हाय.

मित्रांनो, नवी सिस्टीम तुम्हाला कीबोर्ड विचारेल तेव्हा माझ्याकडे बघून उत्तर द्या, पाटीकडे बघून नको. आणि मला आपटण्याआधी एकदा कोपऱ्यात नजर टाका. माझे स्टिकर आता सुटत चालले आहेत. हळदीचा डाग मात्र आहे तिथेच आहे. दीपंकर म्हणतो, तो मुद्दाम ठेवलाय. पारमिता म्हणते, आळस. डाग ज्या पट्टीवर आहे, तिच्यावर कारखान्याने अक्षर छापलं नव्हतं, आणि स्टिकरही तिला कुणी लावला नाही.