बाबांचे दोन सकर

माझा धाकटा भाऊ सोमवारपासून मासेमारी सोडून गोदामात कामाला जाणार होता, आणि त्याआधी मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. नऊ वर्षं मी तोंडात गुळणी धरून बसले होते.

आमचं पोट तळ्यावर. तो मासे धरतो, मी जाळी दुरुस्त करते. पूर्वी एखादं जाळं महिन्याने हातात यायचं, हल्ली रोज येतं, कारण तळं सकर माशांनी भरलंय. टाकीच्या काचेवरचं शेवाळ चाटायला लोक पाळतात तो हा काळा, खरखरीत मासा. टाकीत बोटभर असतो, तळ्यात हातभर होतो. अंगावर चिलखत आणि परांना काटे, त्यामुळे एकेक सोडवताना जाळं फाटतं. बाकीच्या माशांची अंडी खातो, काठ पोखरतो, आणि बाजारात त्याला कुत्रंही विचारत नाही. त्याने माझ्या भावाच्या नाकी नऊ आणले.

हे मासे तळ्यात मी सोडले. दोनच. बाबा अंथरुणाला खिळले, वाचा गेली, तेव्हा मीच त्यांच्यासमोर टाकी आणून ठेवली होती. दिवसभर ते त्या दोघांकडे बघत. मी भरवायला बसले की डोळ्यांनीच सांगत, जरा बाजूला हो. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? राबायचं मी आणि माया माशांवर. बाबा गेले आणि त्या टाकीकडे बघवेना. मासे मारायचा धीर होईना. शेवटी बादली घेऊन तळ्यावर गेले. वाटलं, निदान हे तरी जगोत.

रविवारी दुपारी तो शेवटचं जाळं घेऊन अंगणात आला. मी सुई खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. चहा गार झाला म्हणून कप आदळणारा माणूस तो. आता घर डोक्यावर घेईल, पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, अशी मी मनाची तयारी केली होती.

तो जाळ्यात अडकलेला सकर सोडवत राहिला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

कधीपासून, मी विचारलं.

"त्याच वर्षीपासून. त्या दोघांतला मोठा माझ्या जाळ्यात आला होता. शेपटीचा कोपरा तुटलेला होता ना त्याचा, लगेच ओळखला. तेव्हाच मारला असता तर जोडी राहिली नसती." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हातात धरला, ताई, आणि बाबांची नजर आठवली. परत सोडून दिला."

मला शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या असत्या तर दोष माझ्या एकटीचा राहिला असता, आणि तो वाहायची मला सवय झाली होती. त्यात त्याचाही वाटा निघाला ते सोसवेना. मी ढसाढसा रडले.

सापडलेला सकर पाण्यात परत टाकायचा नाही, असा तळ्यावर नियम आहे. पण जात चिवट, पाण्याबाहेरही तासन्‌तास जगते. एरवी मारायचं काम तो तिकडेच उरकून यायचा, मला कधी बघू दिलं नव्हतं. आज मात्र ते टोपलीत घालून घरी आणले होते, अकरा. त्याने दांडकं उचललं. मी घरातून दुसरं आणलं.

सगळी बाबांच्या त्या दोघांचीच पिल्लं. आम्ही दोघांनी मिळून मारली.