गव्हाणीखालचा साका

त्या वर्षी धरणाचं पाणी इतकं खाली गेलं की आमचं जुनं गाव उघडं पडलं. चौपन्न वर्षांपूर्वी आम्हाला तिथून उठवलं होतं. घरांची लाकडं तेव्हाच लोकांनी काढून नेली, राहिले ते पायाचे दगड. मला कुंपणासाठी दगड हवे होते. म्हटलं, दुसऱ्याच्या घराचे कशाला, आपल्याच घराचे आणू.

तबेल्याची जागा लगेच ओळखू आली. गव्हाणीखालच्या दोन दगडांमधल्या फटीत माझा हात आपसूक गेला. का गेला, ते मलाही कळलं नाही. चिखलात काहीतरी जड, गुळगुळीत लागलं.

माझा साका. रानमेंढ्याच्या घोट्याचं हाड, आत मामाने शिसं ओतलेलं. हा एक साका मारून मी पोरांची रिंगणातली हाडं लांब उडवायचो आणि खिसे भरून घरी यायचो. झोपतानाही तो माझ्या मुठीत असायचा. लाल रंग आता गेला होता, पण अंगठा बसायचा तो खळगा तसाच होता. मी भेगाळलेल्या गाळावर रिंगण आखलं, पाच खडे मांडले, उकिडवा बसलो आणि नेम धरला. पहिल्याच फटक्याला दोन खडे उडाले. बासष्टाव्या वर्षी त्या उजाड गावात मी एकटाच हसत होतो.

मग आठवलं. ती फट फक्त मला ठाऊक होती. दादाच्या हाती लागू नये म्हणून मीच साका तिथे लपवायचो.

जुमाशदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. गाव सोडायच्या गडबडीत साका दिसेना, तेव्हा मी रडत बाबांना सांगितलं, दादाने चोरला. तो नाही म्हणत राहिला आणि बाबा चाबूक ओढत राहिले. शेवटी "घेतला, नदीत टाकला," म्हणाला, तेव्हा ते थांबले. त्याच आठवड्यात त्याला खिंडीपलीकडे काकाकडे मेंढ्या राखायला धाडलं. त्याची शाळा सुटली ती सुटलीच. मी शिकलो, मास्तर झालो. बाबा मरताना मला म्हणाले होते, "जुमाशला घोडा द्यायचा तर दे. पण त्याच्या शब्दावर जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मी खिंड ओलांडून दादाकडे गेलो.

"भावजी, वाट चुकलात की काय?" सायकालवहिनी म्हणाली. "चार वर्षांनी उगवलात."

तिने पाव, लोणी मांडलं. मी साका दादापुढे ठेवला. त्याने तो उचलून उलटासुलटा पाहिला.

"कुठे मिळाला?"

"गव्हाणीखाली. मीच ठेवला होता, दादा. विसरलो होतो."

त्याने अंगठा साक्याच्या खळग्यावरून फिरवला.

"गव्हाण राहिली बघ," मग म्हणाला. "बाकी सगळीकडे शोधला होता मी. तीन दिवस. वाटलं, सापडला तर मला पाठवणार नाहीत."

"मला माफ कर."

"केलं. त्यात काय?" त्याने मान खाली घातली. "पण बाबांना कोण सांगणार? तू वर गेलास की तूच सांग. मी सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं नाही."

वहिनी दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या मुलीच्या लग्नात पाहुण्याचं घड्याळ हरवलं होतं. तेव्हा तुम्ही आधी ह्यांच्याकडे पाहिलंत. मी बघत होते."

मी पाहिलं होतं. घड्याळ नंतर गाडीत सापडलं. मी विसरून गेलो होतो.

दादाने किटली स्वतःकडे ओढली. आमच्याकडे पाहुण्याचा चहाचा पेला अर्धाच भरायचा, म्हणजे तो पुन्हा मागेल, बसेल. त्याने माझा काठोकाठ भरला.

मी तो तोंड भाजत प्यालो आणि उठलो. दादाने साका माझ्या कोटाच्या खिशात घातला, पण दारापर्यंत आला नाही.

त्यानंतर मी तीनदा फोन केला. दरवेळी वहिनीच उचलते. "मेंढ्यांकडे गेलेत," म्हणते. तिच्या मागे दादाचा खोकला ऐकू येतो. मी "बरं" म्हणतो.