पायऱ्यांचं तोंड

ओहोटीच्या चिखलातून वलीने हमदुल्लाशेटना खांद्यावर घेतलं होतं. शेट अंगाने भरलेले. एका हातात स्वतःचे जोडे, दुसऱ्या हाताने वलीच्या डोक्यावरची टोपी घट्ट धरलेली. आगबोट खाडीच्या तोंडाशी शिटी फुंकून निघून गेली होती, उतारूंना किनाऱ्याला आणणारी मोठी होडी, पडाव, अर्ध्या वाटेत गाळात बसली होती, आणि सावरट बंदरातला सगळ्यांत मोठा व्यापारी सगळ्यांत जुन्या तांडेलाच्या खांद्यावरून आपल्या गावात शिरत होता. मागून बाकीचे वल्हेकरी एकेक उतारू उचलून येत होते.

"वली, सावकाश चल. आणि ऐक. किनाऱ्यावर कान फार, म्हणून इथंच सांगतो."

"सांगा शेट. खाली न्हाय टाकत."

"मुंबईला कंपनीत जाऊन आलो. पुढल्या सालापासून या खाडीत आगबोट एकाच ठिकाणी थांबणार. एक तर आपण, नाहीतर पाचघर."

वलीचा पाय गुडघाभर रुतला. तो त्याने उपसून काढला आणि पुढे टाकला.

"पाचघर?" तो म्हणाला.

"पाचघर." शेटनी नाव असं उच्चारलं, की जणू तोंडात खडा आला. "दिवाळीनंतर साहेब दोन्ही बंदरं बघायला येतोय."

खाडीच्या दक्षिणेला सावरट आणि उत्तरेला, समोरच, पाचघर. सावरटला वखारी होत्या, दगडी मशीद होती, शनिवारचा बाजार होता; तळा आणि म्हसळा या आतल्या गावांचा तांदूळ बैलांच्या पाठीवरून पिढ्यान्‌पिढ्या इथेच उतरत आला होता. पाचघरला वलीच्या लहानपणी खरोखरच पाच घरं होती, नि सहावं बांधलं तेव्हा सावरटच्या लोकांनी त्याची मस्करी केली होती. पण गेल्या वीस वर्षांत खाडीने आपला गाळ दक्षिणेकडे ढकलला, खोल पाणी उत्तरेला सरकलं. मुंबईच्या गोदीत राबून आलेल्या पाचघरच्या माणसांनी वर्गणी काढली आणि या उन्हाळ्यात चिऱ्यांचा धक्का बांधला. तिथे आता गिरणी होती, सोडावॉटरचं दुकान होतं, आणि सावरटमधल्या तीन व्यापाऱ्यांनी गुपचूप तिकडे जागा बघून ठेवल्या होत्या.

"तुझी फिरोजा तिथं दिलीय," शेट वरून म्हणाले. "लेकीला भेटायला गेलास तर कोण विचारणार? दोन दिवस राहा. धक्का नीट बघ. घाईत बांधलाय, कुठेतरी खोट असणारच. ती मला आणून दे. मी अर्जात घालतो."

वलीने त्यांना कोरड्या वाळूवर उतरवलं. शेटनी जोडे घातले, टोपी सारखी करून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या हाताखाली चाळीस वल्हेकरी आहेत, वली. त्यांच्या चुलींचा विचार कर."

हे सांगायची गरज नव्हती. रात्रंदिवस तो तोच विचार करत असे.

दुसऱ्या दिवशी गुलबानूने लेकीसाठी नारळाच्या वड्या बांधून दिल्या आणि वली होडी घेऊन पलीकडे गेला. जावई वहाब धक्क्यावरच भेटला. गोदीत सहा वर्षं मिस्त्री म्हणून काम केलेला, बोटांना कायम चुना लागलेला हा मनुष्य; धक्का त्यानेच बांधला होता. सासऱ्याला घरी नेण्याआधी त्याने धक्का या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवला.

"मामू, हे चिरे बघा. सुतळी धरलीत तरी रेष हलायची न्हाय."

खरंच हलणार नव्हती. वलीने वाकून सांधे पाहिले, टाच आपटून पाहिली, पाण्यात हात घालून खालच्या थराला चाचपलं. काम नेक होतं. टोकाला समुद्राकडे तोंड करून अठरा पायऱ्या पाण्यात उतरत होत्या, रुंद आणि देखण्या, एखाद्या वाड्याला शोभाव्यात अशा.

"बोटीवरून पयल्यांदा ह्याच दिसतात," वहाब म्हणाला. "साहेबाची नजर पडली की झालं."

वलीने पायऱ्यांकडे पाहिलं, मग समुद्राकडे. सकाळची वेळ, पाणी मऊ होतं.

फिरोजाच्या घरी त्याचं मन रमलं. नातीने त्याच्या दाढीत नारळाची वडी चिकटवली. पाचघरच्या रस्त्याने जाताना लोक सलाम करत होते, आणि ज्याला त्याला आपल्या गावाचं काहीतरी नवीन दाखवायची घाई होती. एकाने गिरणीचं जातं दाखवलं, एकाने नुसता खड्डा दाखवला आणि इथे शाळा होणार म्हणून सांगितलं. सावरटमध्ये माणसं काय होतं ते सांगत. इथे काय होणार ते सांगत होती. वलीला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून थोडं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आगबोट आली, तेव्हा तो धक्क्याच्या टोकाला बसला होता. वायव्येचा वारा सुटला होता. पाण्याला पांढरं फुटलं नव्हतं, पण खालून लाटांची मोठी उचल येत होती, आणि ती सरळ पायऱ्यांवर येऊन आपटत होती. पाचघरचे पडाववाले कालपरवापर्यंत जाळी टाकणारे. त्यांनी पडाव पायऱ्यांना लावला आणि उतारू उतरवायला सुरुवात केली. दोघं तिघं उड्या मारून आले. मग तळ्याकडची एक म्हातारी उठली. तिच्या एका हातात कोंबडीची टोपली, मागे तिचा नवरा. तिने टोपली आधी पायरीवर ठेवली आणि मग पाऊल टाकलं. नेमका त्याच वेळी पडाव तिच्या पायाखालून हातभर खाली गेला.

म्हातारी पडाव आणि दगड यांच्या मधल्या फटीत दिसेनाशी झाली.

"वल्ही आत घ्या!" वली ओरडला, तोवर तो पाण्यातही पोचला होता. "पडाव बाहेर ढकला! बाहेर!"

त्याने पाठ दगडाला लावली, दोन्ही पाय पडावाच्या फळ्यांना दिले आणि येणारी उचल अंगावर घेतली. खांद्याचं कातडं चिऱ्यांवर सोलून निघालं. पडाव हलला. त्याने म्हातारीचं मनगट धरलं, पण तिला पायऱ्यांवर चढवलं नाही. तिला घेऊन तो पोहत धक्क्याच्या टोकाला वळसा घालून मागच्या, खाडीकडच्या बाजूला गेला. तिथे पाणी ताटात वाढल्यासारखं शांत होतं. तिथल्या खडकावर त्याने तिला बसवलं.

म्हातारीने खोकून पाणी टाकलं, डोळे उघडले आणि पहिला शब्द बोलली, "माजी कोंबडी?"

"राही, कोंबडी कोरडी हाय," वरून तिचा नवरा ओरडला. तो धर्माजी, मधल्या वेळात टोपली घेऊन पायऱ्या चढून आला होता. "तुजंच भिजलंय समदं!"

लोक हसले. हसता हसता काहींच्या डोळ्यांना पाणी आलं. राहीने मात्र वलीचं मनगट सोडलं नव्हतं. चार माणसांनी तिला वर उचललं, तेव्हा तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दिवेलागणीला फिरोजाने बापाच्या खांद्यावर हळद लावली आणि ताट वाढलं. तांदळाची भाकरी, मांदेलीचं कालवण. वहाब समोर बसला होता, पण जेवत नव्हता.

"मामू," तो शेवटी म्हणाला, "पायऱ्या हाताशी व्हत्या. तुमी म्हातारीला मागं का नेलीत?"

वलीने घास घेतला आणि बराच वेळ चावला.

फिरोजा पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "बावा, तुमाला शेटने धाडलाय ना?"

वलीची मान वर झाली नाही.

"लाजू नका. आमचे पण दोघं गेल्या म्हयन्यात सावरटला गेलते, चिखल मोजायला."

"कुणाकडं उतरले?"

"तुमच्याकडंच. वहाबचे चुलतभाव म्हणून. आईच्या हातचं पोटभर जेवून आले."

वलीला ते दोघे आठवले. चांगले पोरगे होते. जाताना गुलबानूने त्यांच्याबरोबर लोणच्याची बरणीसुद्धा दिली होती. त्याला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर दोन दिवस छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं. पण लगेच चाळीस वल्हेकरी डोळ्यांसमोर उभे राहिले. अंबाजीचा अधू पाय, सदाच्या तीन लहान पोरी. गप्प राहिलं की झालं. साहेब आला की वारा आपलं काम करणारच होता. कदाचित साहेबाच्या डोळ्यांदेखत कोणीतरी पडेल. कोणीतरी.

त्याने मनगटाकडे पाहिलं. तिथे चार नखं अजून उमटलेली होती.

मग त्याने ताटातली अर्धी भाकरी उचलली आणि कालवणात आडवी ठेवली.

"हा तुजा धक्का. ही खाडी. वारा इकडून येतो, दुपारनंतर रोज, होळीपर्यंत." त्याने बोटाने कालवण भाकरीवर ढकललं. "तुज्या पायऱ्या ह्या बाजूला हायत. उचल समदी त्यांच्यावर. त्या तिकडं ने, पाठीमागं, खाडीच्या अंगाला. भाकरीच्या आडोशाला."

वहाब भाकरीकडे बघत राहिला. "पण मंग बोटीवरून दिसायच्या न्हाईत."

"बोटीवरून दिसायला निशाण लाव. पायऱ्या उतरायला असतात."

मग वलीने तो धक्का उचलला, कालवणात बुडवला आणि खाऊन टाकला.

सावरटला परतल्यावर तो सरळ वखारीत गेला. हमदुल्लाशेटनी बाकीच्यांना बाहेर घालवलं आणि दार लोटून घेतलं.

"खोट सापडली?"

"व्हय. पायऱ्या चुकीच्या तोंडाला हायत. दुपारच्या वाऱ्याला माणूस पडतो. काल एक म्हातारी पडली."

शेटचा चेहरा उजळला. त्यांनी कागद पुढे ओढला.

"मी त्यांना सांगून आलोय," वली म्हणाला. "दुसऱ्या अंगाला बांधतायत. साहेब येईस्तोवर अर्ध्या व्हतील."

टाक हवेतच राहिला. बाहेर हमाल तांदळाची पोती उतरवत होते, त्यांचे हुंकार ऐकू येत होते.

"कुणाचं मीठ खातोस तू, वली?"

"खायाचं म्हणाल तर दर्याचं खातो, शेट. त्याच्यात पडल्यालं माणूस कंच्या गावचं, ते न्हाय इचारता येत."

शेटनी दाराकडे बोट दाखवलं.

दिवाळीनंतर साहेब आला. सावरटला भर ओहोटीत आला, आणि वलीनेच त्याला खांद्यावरून आणलं. साहेब वाटेत एक अक्षर बोलला नाही. मग तो पाचघरला गेला. सावरटचे चौघे प्रतिष्ठितही, शेट त्यांच्यात, तिथल्या तिकीटघरात बोलणीला बसले. दोन तासांनी निकाल लागला. आगबोट पाचघरला.

त्या दिवसापासून हमदुल्लाशेट वलीशी बोलले नाहीत. मशिदीत एका रांगेत उभे राहत, सलाम घेत, पण नजर पुढे. वलीला ते बोचत होतं, तरी झोप मोडत नव्हती. आता चाळीस माणसांचं काय, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्याने न शोधताच समोर आलं. कंपनीचा हुकूम निघाला: सावरटकडच्या उतारूंना आणि मालाला पलीकडे नेण्याचं काम सावरटच्याच पडावांचं, दुसऱ्या कोणाला परवाना नाही.

पुढल्या हंगामात वलीचे पडाव पूर्वीपेक्षा जास्त फिरू लागले. तळ्याची, म्हसळ्याची माणसं आदल्या दिवशीच सावरटला येत, बाजार करत, मुक्काम करत आणि भरतीला पलीकडे जात. खाणावळी दोनाच्या चार झाल्या. आणि पाचघरकडे बघून सावरटचे लोक पुन्हा ताठ मानेने म्हणू लागले, "आगबोट त्यांची असेल, पण आगबोटीची वाट आमची हाय." पाचघरचे लोकही ऐकून हसत. त्यांचं त्यात काही जात नव्हतं.

एका सकाळी पाचघरच्या नव्या पायऱ्यांवर माल उतरवताना तिकीटबाबू अनंता वलीजवळ येऊन बसला.

"तांडेल, तुम्हाला ठाऊक आहे का, त्या दिवशी शेटच्या खिशात दोन कागद होते?"

"कंच्या दिवशी?"

"साहेब आला त्या दिवशी. मी तिथंच लिहायला बसलो होतो. साहेबानं विचारलं, या धक्क्याबद्दल तुमची काही तक्रार? शेटनी पहिला कागद काढला. त्यात त्या म्हातारीचं नाव, गाव, तारीख, सगळं होतं. नव्या पायऱ्या तर निम्म्याच झालेल्या. तक्रार दिली असती तर साहेब पाचघर नाकारून परतला असता."

"मंग?"

"बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. तुमचा जावई पायऱ्यांवर चिरा बसवत होता. मग कागदाची घडी घालून परत खिशात ठेवला. म्हणाले, काही तक्रार नाही. आणि दुसरा काढला. तो उतारू पलीकडे नेण्याच्या परवान्याचा होता, तुमच्या पडावांसाठी. त्यात चाळीसही जणांची नावं होती, स्वतःच्या हातानं लिहिलेली."

वलीने उठून अंबाजीच्या हातातलं पोतं घेतलं आणि स्वतः वर नेलं.

त्या आठवड्यात शेटना मुंबईला जायचं होतं. भरती पूर्ण आली होती. ते पडावात चढले, वलीपासून दूर, मागच्या फळीवर बसले. खाडीच्या मध्यावर आल्यावर वली वल्हं मारता मारता म्हणाला, "शेट, अनंता भेटला व्हता."

शेट पाण्याकडे बघत होते. पलीकडे पाचघरची नवी शाळा दिसत होती, तिच्यावर कौलं चढत होती.

"अनंता फार बोलतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, वर्षभरात पहिल्यांदा वलीकडे वळून म्हणाले, "वारा बरा आहे. वल्हं कशाला मारतोस? शीड चढव."

वलीने शीड चढवलं.