दहा हजार फेऱ्या

"म्बाह, हा तुमचा डबा. आधी खा, मग बोला," म्हणत बू वेनिंगने पिवळ्या भाताचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "आरोग्य केंद्रात तीस वाटले. डॉक्टरांनी दोन संपवले!"

मी डबा उघडला नाही.

इंडोनेशियातल्या जोगजा शहरात, विद्यापीठामागच्या गल्लीत, यांतीच्या झेरॉक्स दुकानातल्या कोपऱ्यात मी प्रबंधांची आकडेमोड करून देतो. बत्तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांना नंबर घातले. संख्याशास्त्र तिथल्याच पुस्तकांतून, एकट्यानेच शिकलो. त्यामुळे आपलं काहीतरी चुकलंय ही धास्ती कायमची. केस पांढरे, म्हणून सगळे मला म्बाह म्हणतात; आजोबा असो की आजी, इकडे दोघंही म्बाहच.

बू म्हणजे बाई. बू वेनिंग ही एकोणीस वर्षं क्षयरोग्यांच्या घरी जाणारी परिचारिका. प्रौढ वयात पदव्युत्तर पदवीला बसलेली. परिचारिका घरी गेली की रोग्याचा विश्वास वाढतो आणि त्या विश्वासामुळे तो औषध शेवटपर्यंत घेतो, हे तिला दाखवायचं होतं. एकशे सदतीस रोग्यांच्या प्रश्नावल्या तिने स्वतः भरून घेतल्या होत्या. तोंडी परीक्षा परवावर आली होती.

काल संगणक कुरकुरत होता, म्हणून मी आकडेमोडीच्या पाचशेच फेऱ्या चालवल्या. आकड्याशेजारी तारा उमटला. तारा म्हणजे पास. मी उतावळेपणाने तिला तसा निरोप धाडला, आणि तिने आनंदाचा पिवळा भात रांधला. आज सकाळी नियमाप्रमाणे दहा हजार फेऱ्या चालवल्या, आणि तारा गेला.

"बू, काल माझी चूक झाली," मी पडद्याकडे बघत म्हणालो. "तारा नाहीये."

"नाहीये म्हणजे? पळाला?"

"म्बाह, अहो, हे तिने भात शिजवायच्या आधी नाही का सांगायचं!" यांती मशीनजवळून ओरडली.

वेनिंग हसली नाही. "तीस डबे वाटले मी. ते काय आता परत मागू? पाचशेच ठेवा ना. पलीकडच्या गल्लीतला अगुंग तर तारा येईपर्यंत परत परत चालवतो म्हणे."

"चालवतो. मलाही येतं ते." मी दहा हजारांचा आकडा पडद्यावर तसाच ठेवला.

ती स्टुलावर बसली. "म्हणजे एकोणीस वर्षं उन्हातान्हात गाडी हाकली, ती शून्य?"

याच प्रश्नाला मी सकाळपासून घाबरत होतो.

"नाही, नाही. असं बघा, एका मडक्यात एकशे सदतीस चिठ्ठ्या आहेत, दर रोग्याची एक. एक काढायची, नंबर टिपायचा, परत आत टाकायची. असं एकशे सदतीस वेळा केलं की एक फेरी. कुणी तीनदा येतं, कुणी येतच नाही. दर फेरीला तुमच्या भेटींचा परिणाम नव्याने मोजायचा. दहा हजार उत्तरांची दोन्ही टोकं छाटली, तर उरलेली शून्याच्या किंचित खालपासून बरीच वरपर्यंत पसरलीत. शून्य आतच राहिलंय. म्हणजे परिणाम नाही असं नव्हे. आहे, असं एवढ्या माणसांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही, इतकंच."

"परीक्षकांना हे 'इतकंच' चालेल?"

"माहीत नाही."

मग तिने माझ्या टेबलाखालचा प्रश्नावल्यांचा गठ्ठा ओढला आणि अठ्ठ्याऐंशी नंबरची काढली. कोपऱ्यावर विड्याचा लाल डाग होता.

"म्बाह सारियेम. औषध पुरं केलं त्यांनी, आणि महिन्याभरात गेल्या. हृदयविकाराने. दम लागायचा, तरी एक प्रश्न सोडला नाही. वर मलाच विचारायच्या, 'जेवलीस का गं?'" तिने डागावरून अंगठा फिरवला. "ह्या किती फेऱ्यांत आल्या?"

मी कागदावर हिशेब केला. खात्री वाटेना म्हणून पुन्हा केला. "साधारण सहा हजार तीनशे फेऱ्यांत. एकदा तरी."

"आणि बाकीच्यांत?"

"नाही आल्या."

"बरं." तिने मान हलवली. "दहा हजारांचंच लिहा. 'सिद्ध झालं नाही' असं लिहा. ते वाक्य परवा मी मोठ्याने वाचीन."

कागदाचा दुमडलेला कोपरा तिने नखाने सरळ केला आणि तो कागद सत्त्याऐंशी-एकोणनव्वदच्या मध्ये, त्याच्या जागी, नीट सरकवला.

"जेवा म्बाह, गार होतंय," ती हेल्मेट चढवत म्हणाली. "मला एका घरी जायचंय."

गाडी विद्यापीठाकडे वळली नाही, नदीकाठच्या वस्तीकडे गेली. मी डबा उघडला. भात अजून कोमट होता.