गाठ असलेली मतपेटी

मित्रांनो, त्या निवडणुकीत रेम्बर्टला काय मिळणार होतं ते आधी सांगते. राष्ट्राध्यक्ष बदलला की टपालमास्तरही बदलायचा. म्हणजे बांधलेला पगार, सरकारी शिक्का आणि सगळ्या गावाची पत्रं हाताखाली. एवढ्यासाठी माणूस काय काय करतो, ते मी जवळून पाहिलं आहे.

मी एक जुनी मतपेटी आहे. साउथ कॅरोलायनातल्या एका कापूसवाल्या गावात प्राइमस सुताराने मला पाइनच्या फळीतून घडवलं. आम्ही आठ बहिणी. नव्या कायद्याने प्रत्येक पदाला वेगळी पेटी होती, आणि चुकीच्या पेटीत पडलेलं मत बाद. गुलामीत वाढलेल्या माणसांना अक्षरं कोणी शिकवली होती? विरोधी पक्षाचा गोरा मतदानप्रमुख रेम्बर्ट पेट्यांवरच्या पदांच्या पाट्या वाचून दाखवायचा खरा, पण तोंडात गूळ धरल्यासारखा पुटपुटत.

टपालमास्तर होता प्राइमसचा भाऊ कफी. कचेरीच्या मागच्या खोलीत प्राइमसची मुलगी डॉर्कस काळ्या पोरांची शाळा चालवायची. राष्ट्राध्यक्ष बदलला, तर नोकरी आणि शाळा दोन्ही जाणार होत्या.

राष्ट्राध्यक्षांची पाटी मला लागणार, हे प्राइमसला ठाऊक होतं. माझ्या झाकणाच्या लाकडात बोटाला लागणारी एक टणक गाठ होती. रविवारी प्रार्थनेनंतर त्याने सगळ्यांना बजावलं, "अंगठा फिरवा. गाठ लागली की टाका."

डॉर्कस चिडली. "बाबा, अक्षरं ओळखायला शिकवा त्यांना. लाकडाचा काय भरवसा?"

"पोरी, ही फळी माझ्या हाताखालून गेली आहे. ती मला फसवेल होय?"

मतदानाच्या सकाळी रांगेतल्या पहिल्याच माणसाने अंगठा फिरवला, गाठीवर थांबला आणि हसला. रेम्बर्टने ते हसू टिपलं.

"शाई सांडली! जरा बाहेर थांबा रे," म्हणत त्याने दार लावलं. चाकूने माझी पाटी खरवडून शेजारच्या बहिणीला चिकटवली, आणि तिची मला. मग दार उघडून गोड आवाजात म्हणाला, "या, सावकाश टाका."

दिवसभर अंगठे येत राहिले. मला तोंड होतं, पण ते फक्त कागद गिळण्यापुरतं.

संध्याकाळी माझ्यातली राष्ट्राध्यक्षांची मतं चुकीच्या पेटीतली म्हणून चुलीत जाताना प्राइमसने खिडकीतून पाहिली.

"साहेब, ती माझी पेटी आहे! मी घडवली आहे!"

"पेटी तुझीच आहे की, प्राइमस," रेम्बर्ट म्हणाला. "पाटी माझी आहे."

आत कोणीतरी हसलं. राज्यातल्या इतर गावांत काय झालं ते मला दिसलं नाही. राज्य मात्र एकगठ्ठा रेम्बर्टच्या पक्षाकडे गेलं, आणि राष्ट्राध्यक्ष बदलला.

पुढे गावाला लोखंडी पेट्या आल्या. आता मी एका दुकानाच्या माळ्यावर गंजलेले खिळे सांभाळते. मित्रांनो, मतपेटीला रंग द्या, न द्या. पाटी कोणाच्या हातात आहे तेवढं बघत जा. मी सांगते आहे, पण तेव्हा मी बघूनही काही झालं नव्हतं.

रेम्बर्टला टपालकचेरी मिळाली, त्याच्या पक्षाला राज्य. त्याची किंमत कफीने नोकरी देऊन मोजली, डॉर्कसने शाळा देऊन. प्राइमस पुन्हा मत द्यायला आला नाही, आणि त्याच्या शब्दावर अंगठा फिरवणारं दुसरंही कोणी आलं नाही.